पावसाळापूर्व बैठकीची तयारी

बैठक बोलावण्यापूर्वी संयोजकाने कोणता निर्णय घ्यायचा आहे ते एका ओळीत लिहून काढावे. ती ओळ लिहिता येत नसेल, तर बैठक न घेता माहिती सूचनाफलकावर किंवा व्हॉट्सॲपवर कळवावी. नुसते ऐकण्यासाठी पंधरा जणांचे काम थांबवणे योग्य नव्हे.

सर्वाधिक कष्ट विषयपत्रिकेवर घ्यावेत. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात मे महिन्यात बैठक ठरते, तेव्हा कागदावर ‘पावसाळी तयारी’ एवढाच विषय असला, तर छपराच्या गळतीपासून रेनकोटपर्यंत सगळे बोलून होते आणि ठरत काहीच नाही. त्याऐवजी ‘गोदामाचे छप्पर ३१ मेपूर्वी दुरुस्त करण्यासाठी आलेल्या दोन दरपत्रकांपैकी कोणते स्वीकारावे?’ असे लिहावे. असा प्रश्न हाती पडला की देखभाल विभागाचा माणूस गळतीच्या जागांचे फोटो आणि लेखा विभागाचा माणूस शिल्लक तरतुदीचा आकडा घेऊनच येतो. प्रत्येक विषयापुढे तो मांडणाऱ्याचे नाव आणि मिनिटे नोंदवावीत, खर्चाचा विषय आधी घ्यावा, आणि ज्याचा एकाही विषयाशी संबंध नाही त्याला बोलावूच नये.

संचालक मंडळाच्या सभेसाठी कंपनी कायदा, २०१३ किमान सात दिवसांची लेखी सूचना सांगतो. विभागाच्या बैठकीला ते बंधन नाही. तरी दरपत्रकांच्या प्रती तीन दिवस आधी पोहोचाव्यात, अन्यथा अर्धा वेळ वाचनातच जातो.

वेळ ठरवताना पाळी बदलण्याची वेळ पाहावी, तसेच काणकोण किंवा सत्तरीहून बसने येणाऱ्यांना परतीची गाडी मिळेल याची खात्री करावी. गणेश चतुर्थीच्या आठवड्यात तर कोणतीच बैठक ठेवू नये. कोणी ऑनलाइन जोडले जाणार असेल, तर वीज गेल्यास इंटरनेट कसे चालू ठेवायचे हे आदल्या दिवशीच तपासावे.

अध्यक्ष आणि टिपणे घेणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. साहेबांनी मत आधी दिले की कनिष्ठ गप्प बसतात, म्हणून छपराखाली रोज काम करणाऱ्याला प्रथम बोलू द्यावे. माझ्या मते अध्यक्षाचे याहून मोठे काम नाही. चर्चा कोकणीत आणि नोंद इंग्रजीत होत असेल, तर प्रत्येक निर्णय उठण्यापूर्वी कोकणीत वाचून दाखवावा, म्हणजे चुकीची नोंद तिथेच दुरुस्त होते.

इतिवृत्ताला कायद्याने संचालक मंडळासाठी ३० दिवस दिले आहेत, पण जूनच्या सुरुवातीला पाऊस येणार असताना कारखान्याला एवढी सवड नसते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम, जबाबदार व्यक्ती आणि मुदत असे तीन रकाने भरून ते गैरहजर असलेल्यांसह सर्वांना पाठवावे आणि मुदत उलटलेली कामे पुढच्या विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घ्यावीत.