आयसीटीवर (इन-सर्किट टेस्ट, म्हणजे सर्किट बोर्डावरचा एकेक पार्ट मोजून बघणारी टेस्ट) चांगला बोर्ड फेल होतोय? आधी हे बघा

बोर्ड फेल दाखवला की लगेच रिपेअरला पाठवू नका, तोच बोर्ड काढून परत बसवा आणि टेस्ट करा, दुसऱ्यांदा पास झाला तर आधी फिक्श्चरवर, म्हणजे बोर्ड ज्या पिनांच्या साच्यावर बसवतो त्यावर, संशय घ्या. पोगो पिनच्या (बोर्डाला टेकणाऱ्या स्प्रिंगवाल्या पिनेच्या) टोकाला सोल्डरिंगचा फ्लक्स चिकटतो, कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स वाढतो, आणि 1 ओहमच्या रेझिस्टरचं रीडिंग लिमिटबाहेर जायला तेवढं पुरतं. 10 किलोओहमला काही फरक पडत नाही. म्हणून फक्त छोट्या व्हॅल्यू फेल होत असतील तर ब्रशने पिना साफ करा, स्प्रिंग ढिली असेल तर पिन बदलाच, आणि अशा जागी फोर-वायर मेजरमेंट (करंट दोन वायरींनी द्यायचा, व्होल्टेज वेगळ्या दोन वायरींनी मोजायचं, म्हणजे कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स रीडिंगमध्ये येत नाही) लावता आलं तर उत्तमच.

10 किलोओहमच्या जागी कायम 5 दिसतंय? मग सर्किट बघा, पॅरललमध्ये 10 किलोओहमची दुसरी वाट असणार. ही वाट तिसऱ्या नोडमधून (जोडबिंदूतून) जात असेल तर तिथे गार्ड द्या, म्हणजे त्या नोडला असं व्होल्टेज द्या की त्या वाटेचा करंट मोजमापात येणार नाही, थेट पॅरलल असेल तर गार्डचा उपयोग नाही, लिमिट 5 धरूनच ठरवा.

पण प्लीज, लाइन थांबतेय म्हणून लिमिट सैल करू नका! आणि शिफ्टच्या सुरुवातीला गोल्डन बोर्डबरोबर (नक्की चांगला असलेला नमुना बोर्ड) एक माहितीतला खराब बोर्डही लावा, तो फेल झालाच पाहिजे, पास झाला तर तिथेच टेस्टिंग थांबवा.