परदेशी निघताना पैशांची तयारी: डॉलरच्या आधी कार्डाचं बघा

डॉलर कुठून घ्यायचे, किती घ्यायचे, हे नंतर. आधी मोबाइल हातात घ्या, बँकेचं अ‍ॅप उघडा आणि तुमच्या कार्डावर परदेशातले व्यवहार चालू आहेत का ते बघा. नाशिकमध्ये, घरी, आत्ता. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं होतं आणि खात्यात पैसे असूनही बँकॉकच्या एटीएममधून एक नोट निघाली नाही. म्हणून ही यादी, आणि ही एक गोष्ट तिच्यात वारंवार येणार.

कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नियम काढला आणि तो त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाला. नवीन किंवा बदलून आलेलं कार्ड भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर तेवढं चालतं. परदेशातला वापर, ऑनलाइन खरेदी आणि कार्ड टेकवून पैसे देणं, हे ज्याचं त्याने चालू करून घ्यायचं. कार्डाचा नंबर चोरीला गेला तरी बाहेरच्या देशातून कोणी पैसे काढू नये, हा त्यामागचा हेतू. नियम चांगलाच आहे. पण ‘मी तर तीन वर्षांपूर्वी दुबईला हेच कार्ड वापरलं होतं’ असं म्हणून गाफील राहू नका. मधल्या काळात मुदत संपून नवीन कार्ड आलं असेल, तर परदेशातला वापर पुन्हा बंद असू शकतो.

आणि एक बटण दाबलं की झालं, असं समजू नका. बहुतेक अ‍ॅपमध्ये एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि टॅप यांची बटणं वेगळी असतात. प्रत्येकाला वेगळी मर्यादाही असते. बटण चालू आणि मर्यादा शून्य, हेही घडतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत किंवा बसमध्ये कार्ड टेकवून जाता येतं, पण टॅप बंद असेल तर फाटक उघडणार नाही. बायकोचं कार्ड, आईचं कार्ड, बॅगेत ‘असू दे’ म्हणून टाकलेलं जादा कार्ड, सगळ्यांचं बघा. मग परदेशी वेबसाइटवर काहीतरी किरकोळ रकमेचं घेऊन एकदा खात्री करा. तिकडच्या एखाद्या संग्रहालयाचं तिकीट नाहीतरी काढायचंच असतं. त्यातून ऑनलाइनची खात्री होते. एटीएम आणि टॅप मात्र बटण आणि मर्यादा डोळ्यांनी बघूनच पक्कं करायचं.

‘तिकडे गेल्यावर करू चालू’ हे तर मनातही आणू नका. बटण चालू करताना बऱ्याच बँका ओटीपी पाठवतात. ओटीपी तुमच्या इथल्या नंबरवर येणार, आणि त्या नंबरवर रोमिंग नसेल तर तो येणारच नाही. कस्टमर केअरला फोन लावायलाही तोच नंबर लागतो. शिवाय तिकडचं स्वस्त सिम टाकायला आपलं सिम काढलं, की बँकेचं अ‍ॅपही रुसू शकतं, कारण बरीच अ‍ॅप नोंदवलेलं सिम फोनमध्ये आहे का ते तपासतात. म्हणून रोमिंग निघण्याआधी चालू करा, आपलं सिम फोनमध्येच ठेवा आणि तिकडचं दुसऱ्या खणात टाका किंवा ई-सिम घ्या.

आपल्या नाशिकमध्ये अनेकांचं मुख्य खातं सहकारी बँकेत असतं. तिथलं रुपे कार्ड बऱ्याचदा देशापुरतंच असतं. परदेशात चालणारं रुपे वेगळं मिळतं. शाखेत जाऊन सरळ विचारा, ‘हे बाहेर चालतं का?’ नाही म्हणाले तर चिडून उपयोग नाही. दुसऱ्या बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड हाताशी ठेवा, आणि त्याचंही परदेशातलं बटण बघा. हो, पुन्हा सांगतोय.

आता पैसे न्यायचे कसे. माझं मत सांगतो: मोठा हिस्सा फॉरेक्स कार्डावर (आधी परकीय चलन भरून घ्यायचं प्रीपेड कार्ड), पहिल्या दोन-तीन दिवसांपुरती रोकड, आणि अडीअडचणीला एक क्रेडिट कार्ड. साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात घासलं की बँक सहसा दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचं जादा शुल्क, लावते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांनी लाखाच्या खर्चावर ३,५०० रुपये आणि वर ६३० जीएसटी, म्हणजे ४,१३० रुपये नुसते वाटेत गेले. मार्कअप नसलेली कार्डंही आहेत. तुमचं तसं असेल तर उत्तमच. फॉरेक्स कार्डात पैसे भरतानाच भाव पक्का होतो, आणि कार्डाचा भाव नोटांच्या भावापेक्षा सहसा बरा असतो. मात्र ज्या देशात जाताय तिथलं चलन कार्डात भरता येतं का ते आधी विचारा. कार्डात डॉलर आणि खर्च थायलंडच्या बाटमध्ये, असं झालं की चलन बदलण्याचे पैसे कापले जातात आणि फायदा तिथेच संपतो. हॉटेलचं डिपॉझिट किंवा भाड्याची गाडी यांना क्रेडिट कार्ड द्या. प्रीपेड कार्ड ते बऱ्याचदा घेत नाहीत, आणि घेतलं तरी अडकलेली रक्कम सुटायला वेळ लागतो. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड मात्र काढू नका, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. फॉरेक्स कार्डाचा पिन इथेच बनवा. ते कार्ड भारतात चालत नाही, त्यामुळे इथे दुकानात चालवून बघता येणार नाही. निदान अ‍ॅपमध्ये शिल्लक दिसते का आणि कार्ड चालू झालंय का, एवढं तरी बघा.

रोकड किती, हे देशावर. युरोपात बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, पण सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी सुटे युरो लागतातच. व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशियाला जाताना कोरे डॉलर घ्या आणि तिथे शहरात गेल्यावर बदला. शंभराच्या नोटेला तिकडे लहान नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो. नोट दुमडलेली, शिक्का किंवा पेनाची रेघ असलेली नको. तिकडचा दुकानदार एक नजर टाकून परत करतो. इथे काउंटरवर उभं राहूनच प्रत्येक नोट उलटून बघा, घरी आल्यावर नाही.

डॉलर, युरो, दिरहम नाशिकमध्ये सहज मिळतात. जरा वेगळं चलन हवं असेल तर मागवावं लागू शकतं, म्हणून आठवडाभर आधी सांगून ठेवा. दोन-तीन ठिकाणी फोन करा आणि प्रश्न एकच विचारा: ‘पाचशे डॉलरला सगळं धरून माझ्या हातून किती रुपये जाणार?’ ‘कमिशन नाही’ या पाटीला अर्थ नाही, ते पैसे भावात धरलेले असतात. सरकारी जीएसटी एक लाखापर्यंतच्या व्यवहाराला कमीत कमी ४५ आणि जास्तीत जास्त १८० रुपये, त्यामुळे त्याच्या नावाखाली कोणी जास्त मागितलं तर पावती दाखवायला सांगा. दुकान रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलंच हवं. ओळखीतल्या कोणाकडून ‘बाहेरचे’ डॉलर घेऊ नका, पावती नसेल तर पुढे उत्तर द्यायला तुमच्याकडे काही उरत नाही. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असेल तर व्हिसा बरोबर न्या. रुपये ५० हजारांच्या आत असतील तरच रोख द्या, त्यावर खात्यातून.

मुंबई विमानतळावर बदलू, असं म्हणणारे आपल्यात बरेच. नाशिकहून चार-साडेचार तास प्रवास करून, घाटात अडकून, रात्रीच्या विमानाच्या घाईत तुम्ही काउंटरवर पोचता. तेव्हा घासाघीस करायला ना वेळ ना पर्याय, आणि भाव शहरापेक्षा वाईट. तिथे काही घेऊ नका.

मर्यादाही माहीत असू द्या. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचे कार्डावर. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मुभा आहे. स्वतः परकीय चलन घेताना वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलात तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. टूर कंपनीच्या पॅकेजला वेगळा हिशेब आहे, तो त्यांच्याकडून लेखी घ्या. भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत नेता येतात. थोडे जवळ ठेवाच, परतल्यावर मुंबईहून नाशिकच्या गाडीला लागतील. नाशिकरोडला छापलेली नोट तिकडच्या दुकानात चालायची नाही, त्यामुळे जास्तीचं ओझं नको.

यूपीआय सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, भूतान अशा काही देशांत ठरावीक ठिकाणी चालतं. पण तेही अ‍ॅपमध्ये वेगळं चालू करावं लागतं. तेच ते, आधी चालू करा! आणि त्याच्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नका.

विमानात बसण्याआधी: पैसे तीन जागी वाटून ठेवा, जादा कार्ड वेगळ्या बॅगेत, बँकेचा परदेशातून लागणारा फोन नंबर कागदावर. आणि कार्डाची बटणं शेवटचं एकदा बघा, मर्यादेसकट.

तिकडे पोचल्यावर मशीनने रुपयात देणार की तिथल्या चलनात असं विचारलं, तर तिथलं चलन. नेहमी. रुपये निवडले की ते लोक आपला भाव लावतात आणि तो महागच असतो. थायलंडमध्ये एटीएम दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त घेतं, म्हणून थोडं थोडं काढू नका.

परत आल्यावर कार्डांचं परदेशातलं बटण बंद करा. उरलेल्या परकीय नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. त्यावरच्या १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारकाकडे विकायच्या, घेतानाची पावती जपलेली असेल तर बरं. नाणी इथे सहसा कोणी बदलून देत नाही, ती तिकडच्या विमानतळावरच खर्चून या.