स्टाटात मजकुराचे आकडे करताना एन्कोडच्या नादी लागू नका

स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा तक्ता दिसतो तो डेटा एडिटर. त्यात लाल दिसतो तो रकाना स्टाटाच्या लेखी मजकूर, मग आत वयं असोत की उत्पन्न. काळा म्हणजे आकडा. निळा म्हणजे आकड्यावर चिकटवलेलं लेबल.

शब्दांना संकेतांक द्यायचे तर एन्कोड (encode) ही आज्ञा, आकडेच मजकूर बनून बसले असतील तर डीस्ट्रिंग (destring). ‘एन्कोड मार, चालतं’ असं सांगणारा कोणीतरी भेटतोच; त्याचं ऐकू नका. एन्कोड किंमत वाचत नाही. मजकूर अक्षरक्रमाने लावून १ पासून क्रमांक वाटतो. रकान्यात ९, १० आणि १०० असतील तर १० ला १, १०० ला २ आणि ९ ला ३ मिळतो. वर लेबलं जुनीच, म्हणून पडद्यावर सगळं आलबेल. सरासरी निघते ती क्रमांकांची. झालंच असेल तर डीकोड करून लेबलांचा मजकूर परत मिळवा, मग डीस्ट्रिंग.

डीस्ट्रिंग अडलं की लोक फोर्स हा पर्याय लावतात. न वाचता आलेल्या नोंदी तो रिकाम्या करतो आणि किती गेल्या एवढंच सांगतो. कोणत्या गेल्या ते नाही. आधी दोषी नोंदी बघा (इथे ‘क्षेत्र’ हे रकान्याचं नाव):

टॅब क्षेत्र इफ मिसिंग(रियल(क्षेत्र))

स्वल्पविराम असेल तर डीस्ट्रिंगच्या इग्नोर या पर्यायाने काढा, इंग्रजी अंकांत लिहिलेलं १,२५,००० नीट वाचलं जातं. पण इग्नोरमध्ये अक्षरं कोंबू नका. ‘५ एकर’ आणि ‘५ गुंठे’ दोन्ही ५ होतील, आणि एकरात गुंठे ४० असतात! एकक आधी वेगळ्या रकान्यात काढा. देवनागरी अंक स्टाटा १४ पासून दिसतात, पण डीस्ट्रिंगला ते आकडे वाटत नाहीत. दहाही अंक सबइनस्ट्र (subinstr) या फंक्शनने इंग्रजी अंकांत बदलावे लागतात. आणि डीस्ट्रिंगला जुन्यावरच लिहिणारा रिप्लेस नको, नवा रकाना करणारा जनरेट वापरा. मूळ रकाना राहू दे.

खऱ्या शब्दांना एन्कोड करतानाही क्रम त्याच्यावर सोडू नका, नाहीतर ‘पदवी’ ‘प्राथमिक’च्या आधी येते. लेबल डिफाइन या आज्ञेने क्रम आधी ठरवा, ते लेबल एन्कोडला द्या, सोबत नोएक्सटेंड लावा. यादीबाहेरचा शब्द सापडला तर एन्कोड काम नाकारेल. तेच हवं.

संकेतांकांचे रकाने मजकूरच ठेवा. २०११ च्या जनगणनेत जम्मू-काश्मीरचा संकेतांक ०१ आहे. आकडा केलात की नुसता १ उरतो आणि मजकूर ठेवलेल्या दुसऱ्या फाइलशी जुळत नाही.