ऑटोमॅटिक गाडीचे गिअर ऑइल: निघाले तेवढेच घाला

माझी उभी नोकरी सरकारी बसच्या वर्कशॉपात गेली, क्लचप्लेटी बदलण्यात. सौ.च्या डाव्या गुडघ्यापायी आम्ही २०१२ची सेकंडहँड ऑटोमॅटिक आय-टेन घेतली, तेव्हा असल्या गिअरबॉक्सबद्दल मला काडीचे ठाऊक नव्हते. सकाळी लिव्हर डी वर टाकला की गाडी क्षणभर विचार करायची आणि मग धक्का देऊन निघायची. आधीच्या मालकाच्या कागदांत गिअर ऑइल बदलल्याची नोंद नव्हती. आमच्या गोव्यातल्या गावच्या मेकॅनिकला विचारले तर म्हणतो, "पात्रांव, हें तेल बदलपाची गरज ना. लायफटायम आसा." मी म्हटले, कुणाचे लायफ रे, तेलाचे की गाडीचे?

शेवटी घरीच केले. कसे केले ते सांगतो.

आधी आपली ऑटोमॅटिक कुठल्या जातीची ते बघा. हल्ली छोट्या गाड्यांत एएमटी असते. तो आतून साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबणे आणि गिअर टाकणे मशीन करते एवढेच. त्याला साधे गिअर ऑइल लागते. सीव्हीटीचे (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचे) तेल वेगळे, डबल क्लचवाल्यांचे आणखी वेगळे. मी सांगतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग असलेल्या) जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकचे. त्यातही तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असतो तोच घ्यायचा. माझ्या गाडीला एसपी-३ लागते. दुकानदार "सगळ्यांना चालतं" म्हणून लाल तेलाचा डबा पुढे करतो, तो गोड हसून परत द्यायचा. या तेलावर आतल्या क्लचची पकड ठरते, ते नुसते वंगण नव्हे.

तेल थोडे गरम असताना काढतात, पण उकळते नको. पंधरा मिनिटे फिरवून आणली आणि वीस मिनिटे उभी ठेवली. सपाट जागा पाहिजे. आमचे घर चढणीवर, सपाट म्हणजे फक्त अंगण, आणि अंगणात तुळस. तेलाचा एक थेंब पडला तरी जेवण मिळणार नाही अशी ताकीद होती, म्हणून खाली जुने पुठ्ठे अंथरले.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. आपल्याकडे घरापाठी जांभ्या दगडाचे चिरे पडलेले असतातच. चाकाला आडवा लावायला चिरा चालेल, पण गाडी चिऱ्यांवर उचलून खाली शिरू नका. चिरा न सांगता फुटतो. नुसत्या जॅकवरही नको. दणकट स्टँड लावा, नाहीतर गॅरेजच्या खड्ड्यावर न्या. उचललेली गाडीही आडवी-उभी समतल बसली पाहिजे.

खाली दोन नट दिसतात, एक इंजिनच्या चेंबरचा (तेल साठते त्या तळाच्या भांड्याचा), एक गिअरबॉक्सचा. मदतीला आलेल्या भाच्याने हौसेने पहिलाच सापडला तो सैल केला. काळे तेल टपकल्यावर मी ओरडलो. इंजिन ऑइल वाया गेले असते ते परवडले, पण हे लक्षात न येता वरून गिअरबॉक्समध्ये आणखी तीन लिटर ओतले असते तर? म्हणून नट खोलण्याआधी पुस्तकातले चित्र बघा, आणि डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीत नरसाळे नीट बसते का तेही आधीच तपासा. जुने तेल काढल्यावर नवे भरता आलेच नाही तर गाडी जागची हलणार नाही.

नवे तेल लालभडक असते. माझे निघाले ते काळपट तांबडे, किंचित जळका वास. जुन्या पंचातून गाळले, चकाकणारे कण नव्हते. कण दिसले असते तर तिथेच थांबून जाणत्याला गाठले असते. दुधाळ गुलाबी निघाले तर आत पाणी शिरले आहे. रेडिएटरमधला कूलर फुटला तर असे होते, आणि पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून गाडी काढली तरी होते.

आता मुख्य मुद्दा. निघालेले तेल मापाने मोजा. माझे तीन लिटरच्या आसपास भरले, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते, ते नटाने निघत नाही. निघाले तेवढेच नवे घालायचे. पुस्तकात पूर्ण क्षमतेचा आकडा असतो, तो बघून ओतलेत तर जास्त होऊन तेलाला फेस येतो. नटाला नवा वॉशर लावा, पुस्तकात दिलेल्या टॉर्कपेक्षा, म्हणजे आवळण्याच्या जोरापेक्षा, जास्त आवळू नका. चेंबरचे आटे खराब झाले तर रडायला जागा नाही.

मग इंजिन चालू, पाय ब्रेकवर, लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा. गाडी पुन्हा पंधरा-वीस मिनिटे चालवून तापवा आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक बघा. तेल हॉटच्या दोन खुणांमध्ये हवे. कमी वाटले तर एकदम नाही, २०० मिली घालून पुन्हा बघायचे. जुन्या होंडांत मात्र इंजिन बंद करून मोजतात, म्हणून आपल्या गाडीचे पुस्तक शेवटचे.

एका वेळी साधारण निम्मेच बदलते, म्हणून मी पाचशे-पाचशे किलोमीटरवर आणखी दोनदा केले. निम्म्याचा हिशेब धरा: पहिल्यांदा ५० टक्के नवे, मग ७५, मग ८७. मशीनने जोर देऊन फ्लश करणारे असतात, पण वर्षानुवर्षे न बदललेल्या गाडीला मी ते करणार नाही. सावकाश बरे.

दुसऱ्या खेपेनंतर सकाळचा धक्का गेला. सौ. रोज मयेवरून चोडणला जाऊन रायबंदरची फेरीबोट धरते. रांगेत चढावर ती गाडी एक्सिलरेटरने तोलून धरायची. कन्व्हर्टर त्यानेच तापतो, तेलही त्यानेच जळते. आता ब्रेकवर धरते, निदान मी शेजारी बसलेला असताना तरी.

जुने तेल माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, आपल्या तांबड्या मातीतून ते सरळ पाण्यात उतरते. डब्यात बंद करून, जळके तेल गोळा करून पुनर्वापराला देणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नटाखालचा पुठ्ठा बघा. माझ्या पुठ्ठ्यावर एक डाग होता. नटाचा नव्हे, नरसाळ्यातून सांडलेला. तुळशीपासून दोन हातांवर.