नागपूरहून ऋषिकोंड्याला: लाटांच्या किनाऱ्यावर एक दिवस कसा घालवावा

समुद्र म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर मुंबई किंवा कोकण येते. परंतु नकाशावर सरळ रेषा ओढून पाहिल्यास अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर आपल्याला जवळ आहे. विशाखापट्टणमला जाणाऱ्या गाड्या, उदाहरणार्थ समता एक्सप्रेस, नागपूरला थांबतात. विशाखापट्टणम शहराच्या उत्तरेला, भीमिली गावाच्या रस्त्यावर, ऋषिकोंडा हा किनारा असून तेथे सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, शिकवले जाते. 2020 साली या किनाऱ्याला 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. आदल्या दिवशी शहरात मुक्कामाला पोहोचावे आणि किनाऱ्यासाठी दुसरा पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

सहलीची तारीख ठरवताना घरातील दिनदर्शिकेत तिथी अवश्य पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते व पाण्याची चढउतार मोठी होते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असून ती सौम्य असते. लहान मुले बरोबर असल्यास मी अष्टमीच्या जवळचाच दिवस निवडण्याचा आग्रह धरीन. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या शेजाऱ्याने सांगितलेली वेळ आपल्या उपयोगाची नसते. कुटुंबासह जाणाऱ्यांना डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा आहे; ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळांचे महिने आहेत. हैदराबाद येथील 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. निघण्यापूर्वी ते पाहावेत आणि इशारा असेल तर पाण्यात उतरण्याचा बेत निःसंकोच रद्द करावा.

किनाऱ्यावर सूर्योदयापूर्वी पोहोचावे. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, येथे तो समुद्रातून उगवतो, आणि विदर्भात वाढलेल्या मुलांनी ते दृश्य एकदा तरी पाहावे असे मला मनापासून वाटते. लवकर येण्याचे दुसरे कारण वाऱ्याचे आहे. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होत असल्याने पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटा नीटस, एकामागोमाग एक येतात. दुपारी जमीन तापली की वारा उलट फिरतो आणि पाणी खवळल्यासारखे होते. म्हणूनच नवशिक्यांनी सर्फिंगचा पहिला धडा सकाळीच घ्यावा.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आपले पोहणे विहिरीत, तरणतलावात किंवा तलावाच्या स्थिर पाण्यात शिकलेले असते आणि त्या आत्मविश्वासाने समुद्रात शिरणे धोक्याचे ठरते. पोहोचताच पाण्याकडे धाव न घेता किमान अर्धा तास वाळूवर बसून लाटा कोठे फुटतात हे पाहावे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एखादा पट्टा शांत आणि गडद दिसत असेल, त्यातून फेस व गढूळ वाळू समुद्राकडे जात असेल, तर तो आत ओढणारा प्रवाह, म्हणजे रिप करंट, असण्याची दाट शक्यता असते. अनोळखी माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते, हीच त्यातील खरी मेख आहे. या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, कारण त्याने केवळ दम संपतो. हात वर करून मदत मागावी, तरंगत राहावे आणि शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडून मग परतावे. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांनी मागोमाग उडी न घेता जीवरक्षकाला बोलवावे व तरंगणारी एखादी वस्तू फेकावी.

लाल-पिवळा झेंडा असलेल्या टापूत जीवरक्षकांचे लक्ष असते. लाल झेंडा दिसल्यास पाण्यात उतरू नये. सर्फिंग करणाऱ्यांच्या वाटेत पोहू नये, कारण लाटेबरोबर येणाऱ्या फळीचा मार मोठा असतो. शिकणाऱ्याने मऊ फळी घ्यावी, पायाला बांधायची दोरी तपासावी आणि कमरेएवढ्या पाण्यात, आधीच फुटलेल्या फेसाळ लाटांवर सराव करावा. एका लाटेवर एकानेच स्वार व्हावे, हा सर्फर मंडळींचा सर्वमान्य नियम आहे. साडी, ओढणी किंवा जीन्स भिजल्यावर जड होतात व पायांत अडकतात, म्हणून अंगाला बसणारे हलके कपडे घालावेत.

नागपूरच्या उन्हाळ्याला तोंड देणाऱ्यांना किनाऱ्यावरील ऊन किरकोळ वाटते. आपल्याकडील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, तेथील दमट हवेत तो वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. शिवाय वाऱ्यामुळे त्वचा भाजत असल्याचे कळतही नाही. अकरा ते तीन सावलीत बसावे आणि तहान लागण्यापूर्वीच पाणी प्यावे. हंगाम असल्यास घरून संत्री न्यावीत, मात्र साली व पिशव्या परत आणाव्यात.

दुपारनंतर पुन्हा पाण्यात उतरायचे असल्यास सूर्य डोंगरामागे जाण्यापूर्वी बाहेर यावे. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचा प्रकाश मागून, जमिनीकडून येतो आणि समोरचे पाणी लवकर काळवंडते. त्यात बुडणारे डोके काठावरून दिसत नाही.