जुन्या ट्रकला ट्रेलर जोडण्यापूर्वी

शेततळी, ठिबकच्या चाऱ्या आणि नाला खोलीकरण अशी कामे घेणाऱ्याला छोटा पोकलेन गावोगाव न्यावा लागतो आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. म्हणून जुना सहाचाकी ट्रक घेऊन त्याच्यामागे ट्रेलर जोडण्याचा विचार खानदेशात अनेकांच्या मनात येतो. बहुतेक जण या कामाची सुरुवात हुकापासून करतात. माझ्या मते ती ब्रेकपासून करावी. खालच्या गिअरमध्ये पाच टनांचा ट्रेलर कोणताही धडधाकट ट्रक ओढतो, परंतु बारा टनांचा भरलेला ट्रक आणि मागचे पाच टन असे सतरा टन कोंडाईबारी घाटाच्या उतारावर थांबवणे ही वेगळी गोष्ट आहे. वेग ताशी 40 वरून 60 किलोमीटरवर गेला, की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपट नव्हे तर सव्वादोनपट होते, हे गणित गाडी विकत घेण्यापूर्वीच मनात पक्के असावे.

पैसे मोजण्याआधी कागद पाहावेत. त्या मॉडेलला ट्रेलर ओढण्याची मुभा उत्पादकाने दिली आहे का आणि ट्रक व ट्रेलर मिळून एकूण वजन किती मान्य आहे, याची लेखी माहिती मिळवावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. त्यामुळे गाडी एमएच 18 ची असो, 19 ची असो की 39 ची, आरटीओत आधी विचारावे आणि मगच मिस्त्रीकडे जावे. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे; त्याची नोंदणी वेगळी होते आणि विम्यातही त्याचा उल्लेख वेगळा करून घ्यावा लागतो.

ट्रक पाहताना रंगावर जाऊ नये. जो ट्रक आयुष्यभर वाळू किंवा गिट्टी वाहत होता, त्याची चासी बाहेरून काळी कुळकुळीत दिसली तरी मागच्या आडव्या पट्टीजवळ रंग खरवडून पाहावा. तिथे गंजाचे पापुद्रे निघाले, हातोडीच्या टोल्याला खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा चॅनेलच्या, म्हणजे चासीच्या लांब लोखंडी तुळईच्या, आत जोडपट्टी वेल्डिंग केलेली आढळली, तर तो ट्रक सोडून द्यावा. दोन्ही चॅनेलांवर समोरासमोर खुणा करून कर्णांची लांबी टेपने मोजावी. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहीत, तर चासी तिरकी झालेली आहे. ट्रेलरची सगळी ओढ शेवटी याच मागच्या भागावर येते, म्हणून इथे घासाघीस किमतीची करावी, तपासणीची नव्हे.

आता ब्रेक. प्रथम ट्रकचे स्वतःचे ब्रेक नव्यासारखे करावेत: चारही ड्रम उघडून लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे अस्तर, पाहावेत, खाचा पडलेले ड्रम बदलावेत, ब्रेकची ढिलाई जुळवणारे स्लॅक ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सारखे लावावेत आणि हवेच्या टाकीतले पाणी काढावे. त्यानंतर ट्रेलरसाठी दोन नळ्या मागे न्याव्या लागतात. लाल नळीतून ट्रेलरच्या टाकीला सतत हवा मिळते, तर पिवळ्या नळीतून पेडल दाबल्याचा संदेश जातो. लाल नळी तुटली, तर ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागतो. मात्र त्याच वेळी ट्रकची हवा निघून जाऊ नये, यासाठी संरक्षक व्हॉल्व्ह बसवलेला असलाच पाहिजे. हा व्हॉल्व्ह खर्च वाचवण्यासाठी गाळणारे लोक आहेत, त्यांच्याकडून काम करून घेऊ नये. ट्रेलरचा ब्रेक ट्रकच्या किंचित आधी लागेल असे जुळवावे, नाहीतर मागचे वजन ट्रकला ढकलते आणि ओल्या रस्त्यावर गाडी घडी पडावी तशी दुमडते. जोडणी झाल्यावर हवा पूर्ण भरावी, इंजिन बंद करावे, पेडल दाबून ठेवावे आणि हवेच्या दाबाच्या काट्याकडे लक्ष द्यावे. काटा सरकत राहिला, तर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत.

नळ्यांच्या लांबीबाबत मी स्वतः फसलो आहे. सरळ उभ्या गाडीवर मापे घेऊन नळ्या कापल्या आणि धुळ्यात पहिल्याच काटकोनी वळणावर लाल नळी ताणून निसटली. ट्रेलरची चाके जागेवर जाम झाली, मागे वाहनांची रांग लागली आणि यंत्रणा बरोबर काम करते याची खात्री मला भर चौकात पटली. म्हणून ट्रेलर दोन्हीकडे पूर्ण वळवूनच माप घ्यावे आणि नळ्या रस्त्याला घासणार नाहीत अशा रीतीने स्प्रिंगला टांगाव्यात.

हुक थेट मागच्या पट्टीला वेल्डिंग करून लावू नये. जाड प्लेट घेऊन ती दोन्ही चॅनेलांना जोडणाऱ्या मजबूत आडव्या तुळईवर बोल्टने बसवावी. चॅनेलला भोके पाडायचीच असतील, तर ती उभ्या भागात पाडावीत. वरच्या व खालच्या पट्टीला ड्रिल लावू नये. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 हे मजबुतीचे आकडे कोरलेले असावेत. हुकाची उंची अशी ठेवावी, की भरलेल्या ट्रेलरचा दांडा जमिनीला समांतर राहील. पिनला कुलूप लावावे आणि दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत.

कमानपाट्यांत तुटका पाटा असल्यास तो बदलावा. उगाच जादा पाटे भरू नयेत, कारण त्यामुळे मान्य वजन वाढत नाही. पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवा रबर चढवलेले, टायर लावू नयेत. रेडिएटरकडे मात्र आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जिनिंगच्या आवारात उभ्या राहिलेल्या गाडीच्या जाळीत कापसाचे तंतू अडकतात, त्यावर धूळ बसून नमदा तयार होतो आणि भुसावळच्या मे महिन्यात चढावर इंजिन तापते. ही जाळी कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवावी.

विजेसाठी सात पिनांचे सॉकेट बसवावे. ट्रक 24 व्होल्टचा असेल, तर ट्रेलरचे दिवेही 24 व्होल्टचेच हवेत आणि अर्थिंगची तार वेगळी ओढावी, हुकाच्या लोखंडावर विसंबू नये. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल लावावी.

पहिली चाचणी रिकाम्या ट्रेलरने मोकळ्या रस्त्यावर आणि दुसरी भरलेल्या ट्रेलरने घ्यावी. लळिंगच्या घाटात जायचे ते त्यानंतर, आणि उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून. प्रत्येक वेळी दहा किलोमीटरवर थांबून सगळ्या चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग घट्ट आहे. जे गारच राहिले, त्याचा ब्रेक लागतच नाही.