स्पेक्ट्रम, कमोडोर की निन्टेंडो: कुणाकडचे गेम भारी, हे मोजायचं कसं

लालबागच्या आमच्या चाळीत नव्वदीत ज्याच्याकडे व्हिडिओ गेम असायचा त्याच्या दाराबाहेर मे महिन्यात चपलांचा ढीग पडलेला असायचा. माझ्याकडे जपानी कंपनी निन्टेंडोचे गेम चालणारं मशीन होतं. त्याच्या कॅसेटवर (कार्ट्रिज हा शब्द तेव्हा कुणाला माहीत, आपल्याकडे ती कॅसेटच) ९९९९९९ इन १ असं छापलेलं, ते खरं धरून मी पुण्याच्या आत्तेभावाशी भांडायचो. त्याच्याकडे स्पेक्ट्रम होता, म्हणजे टीव्हीला जोडायचा मूळचा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर, पुण्यातल्याच डेसिबेल्स कंपनीने बनवलेला, आणि त्याच्या कॅसेट म्हणजे खरोखरच्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेट. कुणाकडे जास्त गेम यावर अख्खी सुट्टी जायची. दोघंही चुकीचं मोजत होतो हे फार उशिरा कळलं, म्हणून आता ही तुलना कशी करतो ते सविस्तर लिहितोय.

आधी खोगीरभरती काढा. एका सुट्टीत मी त्या कॅसेटची यादी वहीत उतरवून काढली होती, पहिली वीसेक नावं खरंच वेगळी आणि पुढे तोच मारिओ पण मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारा, तोच काँट्रा पण जास्त जीव दिलेला, नाव मात्र दरवेळी नवीन. मोठ्या मशीनच्या याद्यांमध्ये हेच वेगळ्या रूपात असतं. स्पेक्ट्रम आणि तसाच घरगुती कॉम्प्युटर असलेल्या कमोडोर ६४ च्या याद्या हजारोंत जातात कारण त्यात मासिकातून टाईप करून घ्यायचे प्रोग्रॅम असतात, तोच गेम स्वस्तात परत काढलेला असतो, चार जुने गेम एकत्र करून विकलेला सेट असतो. हे सगळं एकाच नावाखाली जमा करा आणि मगच आकडा बोला.

आकडा आला तरी तो असा का आहे हे बघायलाच हवं, मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत निन्टेंडोच्या परवानगीने निघालेले गेम सातशेच्या आतच आहेत, निन्टेंडोच्या जपानी मशीनचे, म्हणजे फॅमिकॉमचे, मात्र हजाराच्या वर. कारण अमेरिकेतल्या मशीनमध्ये एक लॉक चिप होती, कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर गेम चालूच व्हायचा नाही, आणि वर बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा. कोनामीने तर त्यातून वाट काढायला अल्ट्रा नावाची दुसरी कंपनीच उघडली. याउलट स्पेक्ट्रमवर घरात बसून कुणीही गेम लिहावा आणि कॅसेटवर भरून विकावा. १९८३ चा मॅनिक मायनर मॅथ्यू स्मिथ नावाच्या विशीही न गाठलेल्या पोराने लिहिलाय. म्हणजे एकीकडे गाळून घेतलेली यादी आणि दुसरीकडे उघडा बाजार, तिथे कचराही जास्त आणि कुणी परवानगी दिली नसती असे विलक्षण गेमही जास्त. नुसत्या संख्येवर पारडं ठरवलंत तर हे काहीच दिसत नाही.

मग वर्ष पकडा. १९८५ चा सुपर मारिओ ४० केबीचा, १९९३ चा कर्बीज ॲडव्हेंचर ७६८ केबीचा, मशीन तेच! कॅसेटमध्येच जास्तीची मेमरी आणि चिप घालता यायच्या म्हणून निन्टेंडो दरवर्षी तरुण होत गेला. ४८ के स्पेक्ट्रमला गेम, चित्रं, आवाज सगळं त्या ४८ केबीत कोंबायचं आणि त्यातले जवळपास ७ केबी नुसत्या स्क्रीनलाच जायचे. त्यामुळे १९८४ च्या स्पेक्ट्रम गेमसमोर १९९३ चा निन्टेंडो ठेवणं हा शुद्ध अन्याय आहे. एकच वर्ष घ्या. १९८७ घेतलं तर स्पेक्ट्रमकडे हेड ओव्हर हील्स, कमोडोरकडे लास्ट निंजा आणि मेनियाक मॅन्शन, फॅमिकॉमकडे मेगा मॅन, म्हणजे तिथे रॉकमॅन. आता बोला कोण भारी, लगेच सांगता येत नाही ना?

यानंतर एकच गेम दोन मशीनवर खेळून बघा, खरा कस इथे लागतो. मी नेहमी एलिट घेतो, अंतराळात फिरून व्यापार करायचा गेम. तो १९८४ ला बीबीसी मायक्रोवर आला, आपल्याकडे सरकारच्या क्लास योजनेत शाळांमध्ये आलेलं तेच मशीन. ३२ केबीच्या मशीनमध्ये आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, ते साठवून ठेवलेले नाहीत, थोड्याशा आकड्यांवरून गणिताने तिथल्या तिथे तयार होतात. हाच एलिट १९९१ ला निन्टेंडोवर आला तेव्हा कीबोर्डच नाही, बाणांची चार धरूनही पॅडवर आठच बटणं, मग खाली चित्रांची पट्टी दिली आणि त्यातून निवडत जायचं. खेळताना हाताला जो फरक जाणवतो तो कुठल्याही यादीत दिसणार नाही. प्रिन्स ऑफ पर्शिया पण घ्या, १९८९ ला ॲपल टू कॉम्प्युटरवर १२ लेव्हल आणि एक तास, निन्टेंडोच्याच पुढच्या मशीनवर म्हणजे सुपर निन्टेंडोवर २० लेव्हल आणि दोन तास. आणि १९९३ चा अलादीन सेगा कंपनीच्या मशीनवर वेगळा, सुपर निन्टेंडोवर वेगळा, दोन कंपन्यांनी बनवलेले दोन पूर्ण वेगळे गेम, नाव एक असलं तरी यादीत दोन धरा.

फोटो बघून मत बनवू नका. स्पेक्ट्रमवर ८ बाय ८ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग बसतात, त्यामुळे माणूस झाडासमोरून गेला की झाडच त्याच्या रंगाचं होतं. म्हणून १९८४ चा नाईट लोअर जवळजवळ एकरंगी ठेवलाय, फोटोत फिका वाटतो पण खेळायला बसलात की ती खोल्यांची तिरकी रचना बघून त्या काळात लोकांची काय अवस्था झाली असेल ते कळतं. निन्टेंडोवर एका आडव्या रेषेत आठच स्प्राईट (म्हणजे हलणारी छोटी चित्रं) दिसतात, गर्दी झाली की लुकलुकायला लागतात, हे फोटोत येतच नाही.

एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळत असाल तर ५० आणि ६० हर्ट्झची (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं त्याची) सेटिंग आधी बघा. जपान-अमेरिकेसाठी बनलेला निन्टेंडोचा गेम ५० वर टाकलात तर बहुतेक वेळा साधारण एक षष्ठांश हळू चालतो, गाणंसुद्धा रेंगाळतं, आणि आपण उगाच गेमला नावं ठेवतो. स्पेक्ट्रमचे गेम मुळात ५० चेच. पॅडचा गेम पॅडवरच खेळा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला यूएसबी पॅड सहज मिळतो.

आत्तेभाऊ आणि मी आता वहीत एकेका वर्षाचं पान करतो. डावीकडे दोन्हीकडे असलेले गेम आणि कुठे जास्त मजा आली, उजवीकडे दुसऱ्या मशीनवर कधीच न आलेले. दिवाळीत १९८७ चं पान पूर्ण झालं, डावी बाजू बरीचशी माझ्याकडे झुकली पण उजवीकडे त्याने मला चांगलंच मागे टाकलं, त्यातले तीन गेम मी त्याच्याकडून पेनड्राईव्हवर घेऊन आलोय.